नऊ दगडांचा पंचनामा

"एका रविवारचं काम आहे," असं मी म्हणालो, तेव्हाच शोभाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असणार, कारण चिरायला घेतलेलं वांगं तिनं तसंच खाली ठेवलं. आमच्या संसारात मी जी जी कामं एका रविवारची म्हणून हाती घेतली, म्हणजे मोरीचा नळ, गच्चीवरची टाकी, आमच्या मुलाची, मंदारची, सायकल, ती सगळी शेवटी दुसऱ्याच कोणीतरी भलत्याच वारी पूर्ण केली. पण हे काम खरोखर साधं होतं. नानाजींच्या नऊ चित्रांना फ्रेम करायच्या आणि बैठकीच्या भिंतीवर लावायच्या. यात बिघडण्यासारखं काय आहे?

नानाजी म्हणजे माझे वडील. नागपूरला भूगर्भाच्या एका कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी त्यांच्या टेबलावर एक जुनं जर्मन पुस्तक येऊन पडलं. दगडांच्या आणि खनिजांच्या रंगीत चित्रांचं, तेव्हाच शंभर वर्षांचं म्हातारं झालेलं. वाळवीनं शेवटच्या पानाकडून वाचायला सुरुवात केली होती. साहेबांनी सांगितलं, ती पुढे पोचायच्या आत जेवढी उतरवता येतील तेवढी उतरवून घ्या. मग नानाजी आणि वाळवी यांची शर्यत लागली. नानाजींची नऊ चित्रं झाली, बाकी पुस्तक वाळवीनं संपवलं. तोवर साहेब बदलला, आणि नव्या साहेबाला दगडांत गोडी नव्हती. तेव्हापासून ती चित्रं आमच्या लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात पडून होती. हिंगूळ, गंधक, सोनमाखी, अभ्रक अशी एकेक मंडळी. खाली जर्मन नावं, एकाही अक्षराचा अर्थ न कळता वेलांट्यांसकट उतरवलेली.

त्यातलं पाचवं नानाजींचं लाडकं. मधोमध घट्ट बांधलेली पेंढी दोन्ही टोकांना पसरावी तसा एक पांढरा खडा, तोही पांढऱ्याच कागदावर. "पांढऱ्यावर पांढरं काढणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मॅट्रिकला गणितात गचकलो तेव्हाही मला हेच ऐकवण्यात आलं होतं. गंमत अशी की तो खडा नानाजींनी स्वतः कधी पाहिला नव्हता. कचेरीत खऱ्या दगडांचं कपाट होतं, पण त्याची किल्ली साहेबाच्या खिशात असायची. "असा दगड खरंच असतो का त्या जर्मनानं मनचं काढलं, कोण जाणे," ते म्हणायचे. "तो खोटं बोलला असेल तर मीही खोटंच काढलं ना रे." हे म्हणताना ते थट्टा करत नसत. ज्या माणसानं आयुष्यभर भाजीत मीठ कमी आहे एवढंच मनापासून सांगितलं, त्याच्या तोंडून हे ऐकलं की मला उगाच पेपर उघडून बसावंसं वाटायचं.

सहस्रचंद्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा शोभानं विचारलं, "नानाजी, काय करायचं? साखरतुला करू या?"

"माझ्या वजनाची साखर वाटून गावाला मधुमेह कायले देता?" नानाजी म्हणाले. "ती नऊ एका ओळीत लावा. आणि चार लोकांनी येऊन ती बघावी. 'छान छान' म्हणून चिवड्याकडे वळायचं नाही. बघायचं. डावा डोळा शाबूत आहे तोवर."

उजवा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेल्यातच जमा होता आणि डाव्याबद्दल डॉक्टर आमच्याशी बोलताना आवाज खाली आणत. तेव्हा यावर नाही म्हणायची माझी काय बिशाद!

इथपर्यंत सगळं आटोक्यात होतं. मग शेजारच्या विमलताई विरजण मागायला आल्या. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट हाताबाहेर गेली की मागे वळून पाहताना मला त्यांच्या हातातली विरजणाची वाटी दिसते.

"मायबाई, नऊ? मंग हे नवग्रहाचे खडे होय न! आमच्या रजतले साडेसाती लागली हाये. त्याले यातला कोणता चालन?"

"विमलताई, ही खनिजांची ऐतिहासिक चित्रं आहेत."

"थे बराबर हाये भाऊजी. पण चालन कोणता?" मग चष्मा वर करून त्यांनी हिंगुळावर बोट ठेवलं. "आन् घरात काहून लावता? घरात कोन येते पाहाले? हॉल घ्या. पेपरात येईन. नाही तं अशे चित्रं बालवाडीतबी राह्यतेतच."

बालवाडी हा शब्द मला झोंबला. पांढऱ्यावर पांढरं काढणाऱ्याचा मी मुलगा! त्या क्षणापासून मी 'चित्रं' हा शब्दच टाकून दिला आणि जिथे तिथे 'दुर्मिळ खनिजं' म्हणू लागलो. पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

सरकारी हॉल मिळवणं माझ्या हातचा मळ आहे, अशी माझी समजूत होती. मी स्वतः एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. एक कागद कमी आहे म्हणून पोरांना परत पाठवण्यात माझी हयात गेली. पण समोरच्या बाजूला उभं राहिल्याशिवाय खिडकी किती खाली असते ते कळत नाही. वाकून वाकून माझी कंबर धरली.

"विषय?" आतून आवाज आला.

"दुर्मिळ खनिजांचे प्रदर्शन."

"कापसाशी काही संबंध?"

"नाही."

"जोडा न साहेब! सध्या कापसाचं नाव असलं की सही लवकर होते. परवा नाचाचा क्लास आलता, त्यायनं 'कपाशी आणि आपण' असं नाव देल्लं, गेले हॉल घेऊन."

दोन हजार सहाचा हिवाळा होता. यवतमाळात तेव्हा कापसाशिवाय दुसरा विषय नव्हता. पॅकेजं जाहीर होत होती, दिल्ली-मुंबईची पथकं पांढऱ्या गाड्यांतून येऊन बांधावर उभी राहत होती, आणि खांद्याला पिशवी लावलेला कुठलाही माणूस दिसला की लोक त्याला खुर्ची देऊन गाऱ्हाणं सांगायला बसत होते. भाव तेवढा कोणी देत नव्हतं. मी मात्र तत्त्वाला चिकटून राहिलो. शेवटी, 'सदर प्रदर्शनामुळे कापसाच्या भावावर कोणताही परिणाम होणार नाही' असं हमीपत्र माझ्याकडून लिहून घेण्यात आलं आणि हॉल मंजूर झाला. माझ्या हातून कापसाचा भाव वाढेल अशी भीती सरकारला वाटली, याचा मला आत कुठेतरी अभिमानच वाटला.

राहिल्या फ्रेमा. त्या वर्षी गावातल्या फ्रेमवाल्यांना मान वर करायला सवड नव्हती. कोणाकोणाचे फोटो आहेत ते विचारू नये असं वारं होतं, म्हणून मी विचारलं नाही. शोभाच्या भावानं आर्णीच्या धनसिंगचं नाव सुचवलं. धनसिंगनं पहिलं चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, "देव का मानूस?"

"दोन्ही नाही. खनिज आहे."

"तसं नाही जमत साहेब. देव असला तं सोनेरी पट्टी, आन् नारळ फोडल्याबिगर मी दुकानातून हालू देत नाही. मानूस असला तं काळी पट्टी, वरतून चंदनाचा हार. आता हा लाल गोटा सांगा. शेंदूर फासेल दिसते."

"तो हिंगूळ आहे. त्याचा रंगच तसा आहे."

"म्हंजे मुळातूनच शेंदरी!" धनसिंगनं चित्राला हात लावून तो कपाळाला लावला. मी पुष्कळ समजावलं. तो पुष्कळ मान हलवत राहिला. आपल्याकडे मान हलवणाऱ्याला पटलं आहे असं समजणारा माणूस शेवटी तोंडघशी पडतो.

समारंभाच्या आदल्या दिवशी चित्रं आणायला टेम्पो केला. नानाजी हट्टानं पुढच्या सीटवर बसले. "तुझ्यावर सोडलं तर काचा इकडे येतील आणि चित्रं तिकडे राहतील," असं त्यांचं माझ्याविषयी मत होतं. दुकानात पोचलो तर नवांच्या नवांना झगझगीत सोनेरी पट्टी, प्रत्येक काचेवर हळदीकुंकवाचं बोट, कोपऱ्याला लाल दोरा, आणि हिंगुळाच्या डोक्यावर चक्क एक लाल बल्ब. वायरसकट.

नानाजींनी डावा डोळा काचेला जवळजवळ टेकवला आणि बराच वेळ पाहिलं. "हा वरचा पिवळा ठिपका माझा नाही," ते म्हणाले.

"बाबा, नऊ होते," धनसिंग म्हणाला. "ग्रह असतीन तं? आपन रिस्क कायले घ्याची?"

एका ओल्या फडक्यानं कुंकू पुसून, चित्रं पोत्यांत गुंडाळून, धनसिंगनं फोडलेल्या नारळाचा प्रसाद खात आम्ही निघालो. आर्णीच्या बाहेर थोडं आलो असू, तेवढ्यात कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकाजवळ चोरटी वाळू पकडणाऱ्या पथकानं हात दाखवला. दिवसभर त्यांच्या तावडीत एकही ट्रक सापडलेला नसावा. तोंडं सुकून गेली होती.

"काय माल आहे?" पथकाच्या साहेबांनी विचारलं.

आता शहाणा माणूस 'फोटो आहेत' म्हणाला असता आणि घरी जाऊन जेवला असता. मी टेम्पोतून खाली उतरलो, शर्ट खोचला आणि म्हणालो, "दुर्मिळ खनिजं." एवढ्यावर न थांबता हॉलचं मंजुरीपत्रही पुढे केलं. साहेबांचा चेहरा असा काही खुलला की मलाही बरं वाटलं. त्यांनी लगेच फोन लावला. "सर, दुर्मिळ खनिजं. टेम्पो भरून. मालकासकट." मग त्यांनी एक पोतं उघडलं.

"हे तर चित्र आहे!"

"ऐतिहासिक आहे," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही खनिज म्हणालात!"

"खनिजाचंच आहे."

"मी वर कळवून बसलो ना!" साहेब कळवळून म्हणाले. मला त्यांच्यावर रागावताच येईना. वर गेलेली गोष्ट कागद झाल्याशिवाय खाली येत नाही, हे मी स्वतःच इतकी वर्षं खिडकीतून लोकांना सांगत आलो होतो. खनिज नाही असं सिद्ध करायचं तरी पंचनामा हवाच. तो रस्त्यावर होईना, म्हणून टेम्पो जिनिंगच्या आवारात घेतला.

आवारात कापसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची ही मोठी रांग. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नव्हता, तो येईपर्यंत काटा बंद. माणसं गाड्यांखाली चुली मांडून बसली होती आणि बैल एकमेकांच्या गाड्यांतला कापूस हुंगून पाहत होते.

"माल एका ओळीत मांडा," साहेबांनी फर्मावलं. "प्रत्येक नग वेगळा दिसला पाहिजे. पंचांनी एकेक नीट बघायचा. नुसती सही चालणार नाही."

टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून नऊही चित्रं जिनिंगच्या लांब भिंतीला टेकवून उभी केली. ऊन समोरून पडत होतं. नानाजी हातातली काठी टेकत त्या ओळीपुढून एकदा इकडून तिकडे गेले आणि एकदा तिकडून इकडे आले. मी संतापानं इतका भरलो होतो की त्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

पंच मिळेनात. सही म्हटली की त्या वर्षांत माणसं चार पावलं मागं सरत. काट्यावरच्या माणसाला पोटासाठी हो म्हणावं लागलं. दुसरा पंच म्हणून एका गाडीवरून एक म्हातारी उतरली. रामीबाई तिचं नाव, जवळच्याच तांड्यावरची. "मी होतो पंच. नुसतं पाहाचंच हाये न? बसून बसून जीव इटला माहा."

पंचनामा सुरू झाला. साहेब लिहू लागले, "नग एक. वर्णन?" आणि नानाजींनी वर्णन सुरू केलं. हिंगूळ कसा लाल, तो लाल रंग आणायला तीन वेळा कसा पातळ हात मारला, कडेची सावली कुठून पडली. साहेबांनी 'लाल दगड' एवढंच लिहिलं, पण पंच ऐकत होते. मग पंचांच्या मागे दोघं आले, त्यांच्या मागे दहा आले, आणि बघता बघता गाड्यांवरची सगळी रांग उतरून चित्रांच्या रांगेपुढे उभी राहिली.

"हा पिवळा तं गंधक होय," एक जण म्हणाला. "आपन वावरात मारतो थो."

"तोच!" नानाजी ओरडले. "ज्वालामुखीच्या तोंडाशी सापडतो."

"आमच्या इथी कृषी केंद्रात सापडते."

सोनमाखीपुढे तर झुंबडच. "बाबाजी, सोनं हाये काय जी?"

"नाही. दिसते सोन्यासारखी, निघतं लोखंड. भले भले फसतात."

"म्हंजे त्या बियान्यावानी," मागून कोणीतरी म्हणालं. "पाकिटावर येगळं, वावरात येगळं." सगळं आवार हसलं. साहेबही हसले, मग 'सदर शेरा नोंदीत घेऊ नये' असं कारकुनाला म्हणाले. कारकून ते स्वतःच होते.

पाचव्या चित्रापुढे रामीबाई थांबली. वाकली. पदरानं काच पुसली. "हा आमच्या घरी हाये," ती म्हणाली.

नानाजींनी काठी घट्ट धरली. "काय म्हणालात?"

"इहीर खंदली न, तवा निघाला. पानी नाही लागलं, हाच लागला. लोनच्याच्या बरनीवर ठेवतो मी, झाकन दाबाले." आणि मागं वळून, सायकलवर टांग टाकणाऱ्या आपल्या नवऱ्याला, लखीरामला, तिनं हाक मारली, "अजी, भाकरी आनाले चाल्ले न? येतायेता बरनीवरचा गोटा आना!"

लखीराम गेला आणि पंचनामा अडला. साहेब म्हणाले, "नग सहा?" नानाजी म्हणाले, "पाचवा झाला नाही अजून." साहेबांनी विनवलं, मी डोळे वटारले, पण नानाजींनी चित्रापुढे पोतं अंथरलं आणि फतकल मारली. ऐंशी पार केलेल्या माणसाला हलवायचं तर त्याचाही पंचनामा करावा लागला असता.

तेवढ्यात शोभाचा फोन आला. "अहो, हॉल गेला. दिल्लीची समिती येऊन राहिली उद्या. कापसाची. तुमचं हमीपत्र परत न्यायला सांगितलं आहे." मी एका कापसाच्या गाठीवर जाऊन बसलो. इकडे जप्त झालेला टेम्पो, तिकडे गेलेला हॉल. घरी शिऱ्याचा रवा भाजून ठेवलेला. आणि ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती म्हाताऱ्या बापाला कशी सांगायची? मला, खरं सांगतो, रडू आलं. हेडक्लार्कला उघड्यावर रडता येत नाही, म्हणून मी शिंकल्यासारखं केलं. कापसाच्या आवारात ते खपून गेलं.

लखीराम आला. भाकरीच्या फडक्याखालून त्यानं तो गोटा काढला आणि नानाजींच्या हातावर ठेवला. मोहरीच्या फोडणीचा वास सुटला. नानाजींनी तो डाव्या डोळ्याशी धरला, फिरवला, पुन्हा धरला. मग डोळा मिटून घेतला आणि बोटं चालवू लागले. मधे घट्ट, दोन्हीकडे पसरत गेलेला. पात्यावर पातं. बोट कडेपाशी आलं की ते थांबत, दुसऱ्या हातानं चित्राची काच चाचपत, आणि परत दगडाकडे जात.

"खरं बोलला रे," ते म्हणाले. "जर्मन खरं बोलला."

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

"हुबेहूब काढला बाबा तुमी," रामीबाई म्हणाली. "तुमचा साफ हाये तेवढा. आमच्याले तेल लागेल हाये."

"तुम्ही हे चित्र घ्या," नानाजी एकदम म्हणाले. "हा मला द्या."

रामीबाईनं चित्राकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, हिशेब केला. "चित्रानं झाकन कसं दबन बाबा? ऱ्हाऊ द्या. गोटा तसाच घेऊन जा. आमाले पानी पायजे होतं, गोटा कोनं मांगला होता?"

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. कारण दुपारपासून ज्या वस्तूसाठी हा घाट घातला होता, ती वस्तू, जमिनीतून निघालेली, अस्सल, विनापरवाना, आत्ता कुठे आवारात आली होती. नानाजींनी ती धोतराच्या ओच्यात धरली. साहेबांनी दगडाकडे पाहिलं, नानाजींकडे पाहिलं, आणि मग पुष्कळ वेळ काट्याकडे पाहिलं.

"नग पाच," ते लिहू लागले. "चित्र. पांढरे. पुढे बोला."

शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष खनिज आढळून आले नाही.' रामीबाईनं खाली अंगठा उठवला आणि अंगठ्याची शाई पदराला पुसत ती गाडीवर जाऊन बसली. ग्रेडर अजून आलाच नव्हता.

टेम्पो यवतमाळच्या रस्त्याला लागला. मी काचेतून बाहेर बघत होतो. नानाजी ओच्यातल्या खड्यावर अंगठा फिरवत होते. शेवटी मी मनाचा हिय्या केला.

"नानाजी, एक सांगायचं होतं. उद्याचा हॉल गेला आपला."

"जाऊ दे," नानाजी म्हणाले. "लोक आजच येऊन गेले."